मुंबईच्या गोदीतला स्फोट

श्रोतेहो, दरवर्षी एप्रिलच्या चौदा तारखेला आमच्या दिंडोशीला सकाळपासून गडबड असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती. निळे झेंडे लागतात, वाड्यांतून मिरवणुकीची तयारी चाललेली असते. त्या गर्दीत एखादा बंबवाला, म्हणजे अग्निशमन दलाचा जवान, खाकी गणवेशात येतो आणि एक लहानसा कागदी झेंडा टाचणीने आपल्या खिशाला लावून पुढे जातो. आपण डब्यात चार पैसे टाकतो. अग्निशमन सप्ताह सुरू झाला एवढे आपल्याला कळते. तो चौदा एप्रिललाच का सुरू होतो, हे मी आमच्या इमारतीतल्या दहा जणांना विचारून पाहिले. एका वृद्ध बाईंखेरीज कोणालाही सांगता आले नाही. त्या बाई म्हणाल्या, "अहो, गोदी उडाली ना त्या दिवशी!"

गोदी उडाली. आमच्या घरातही हाच शब्दप्रयोग होता. माझी आजी एखाद्या गोष्टीचा काळ सांगताना "गोदी उडाली त्याच्या आदल्या वर्षी" किंवा "गोदीनंतर दोन वर्षांनी" असेच म्हणे. मालाड तेव्हा मुंबईत नव्हते. दिंडोशी तर मालाडच्याही पूर्वेला, डोंगराच्या कडेचे एक गाव. शेते, ताडाची झाडे आणि दगडाच्या खाणी. मुंबईच्या कोटातल्या कितीतरी थोराड इमारतींना मालाडचा पिवळसर दगड लागलेला आहे, हे आपण ऐकून असाल. खाणीत सुरुंग लावण्याची वेळ ठरलेली असायची आणि लोकांचे कान त्या आवाजाला सरावलेले होते. त्या शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास दूरवर काहीतरी दणाणले, तेव्हा आजीला वाटले, खाणवाल्यांनी आज भलत्याच वेळी सुरुंग उडवला. अर्ध्या तासाने पुन्हा दणाणले. दुसरा आवाज दक्षिणेकडून आला हे तिच्या ध्यानात आले आणि ती उंबऱ्यातच बसली. कारण माझे थोरले काका दक्षिणेला, मशीद बंदरला, एका दाणेवाल्याच्या पेढीवर हिशेबनीस होते.

दुसऱ्या महायुद्धात जळलेल्या शहरांची नावे घ्यायची म्हटली की आपल्या तोंडी हँबर्ग येते, ड्रेस्डेन येते, हिरोशिमा येते. ड्रेस्डेन हे जर्मनीतले जुने, देखणे शहर. १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री ब्रिटिशांची सुमारे आठशे विमाने त्याच्यावर दोन फेऱ्यांत येऊन गेली, दुसऱ्या दिवशी अमेरिकनांची आली, आणि शहराचा मधला भाग राख झाला. ह्या यादीत मुंबईचे नाव कोणी घेत नाही, आणि एका अर्थी ते बरोबरच आहे. मुंबईवर शत्रूचे एकही विमान बाँब टाकून गेले नाही. जपान्यांनी ६ एप्रिल १९४२ ला विशाखापट्टणवर बाँब टाकले, त्याच वर्षाच्या डिसेंबरात कलकत्त्यावर टाकले. मुंबईने तयारी मात्र सगळी केली होती. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवले होते, रस्त्यावरच्या दिव्यांना टोप्या घातल्या होत्या, ए. आर. पी. चे वॉर्डन रात्री हिंडून "दिवा मालवा" म्हणून ओरडत होते. १९४२ च्या आरंभी, ब्रह्मदेश पडत असताना, कित्येक कुटुंबे बिऱ्हाड आवरून कोकणात आणि देशावर निघून गेली. जपानी आले नाहीत. कुटुंबे परत आली. मे १९४३ पासून शहरात रेशनिंग सुरू झाले आणि युद्ध म्हणजे रांगेत उभे राहणे, असा बहुतेकांचा समज झाला.

मग १९४४ च्या एप्रिलात युद्ध मुंबईत आले ते आपल्याच बाजूच्या जहाजातून.

त्या जहाजाचे नाव 'फोर्ट स्टिकीन'. सात हजार टनांवरचे मालवाहू जहाज, १९४२ साली कॅनडात बांधलेले. २४ फेब्रुवारी १९४४ ला ते इंग्लंडातल्या बर्कनहेडहून निघाले. कप्तान होते अलेक्झांडर नेस्मिथ. जहाजात सुमारे १,३९५ टन दारूगोळा होता : पाणतीर, पाणसुरुंग, तोफेचे गोळे, बाँब. शिवाय पेट्यांत बांधलेली लढाऊ विमाने होती आणि ३१ पेट्यांत मिळून सोन्याच्या १२४ विटा होत्या. प्रत्येक वीट अठ्ठावीस पौंडांची. युद्धकाळी रुपयाची पत सावरायला हे सोने आपल्याकडे पाठवले जात होते, असे सांगतात.

जहाज कराचीला लागले. तिथे विमाने उतरली आणि पोटात जागा रिकामी झाली. युद्धात रिकामी जागा म्हणजे पाप. तेव्हा त्या जागेत भरला कापूस, सुमारे ८,७०० गाठी. तेलाची पिंपे आली, लाकूड आले, भंगार लोखंड, गंधक, राळ, खतासाठी सुकवलेली मासळी आली. कप्तानाने ह्या भरतीला हरकत घेतली होती. पण लढाईच्या दिवसांत एका मालवाहू जहाजाच्या कप्तानाची हरकत कोण ऐकतो? दोन नंबरच्या कप्प्यात खालच्या मजल्यावर कापूस आणि वरच्या मजल्यावर दारूगोळा अशी रचना झाली. कोणत्याही घरातली बाई चुलीच्या वर रॉकेलचा डबा ठेवणार नाही. इथे ते कागदोपत्री, सह्यांनिशी झाले.

१२ एप्रिलला जहाज मुंबईत आले आणि व्हिक्टोरिया गोदीच्या पहिल्या धक्क्याला लागले. शांततेच्या काळात असा नियम होता की स्फोटक माल असलेल्या जहाजाने बाहेर खाडीत नांगरून राहावे, माल पडावांत उतरवावा, आणि डोलकाठीवर लाल बावटा लावावा, म्हणजे शेजाऱ्याला कळते. युद्धाच्या घाईत नियम सैल झाले होते. जहाज गोदीत आले ते शहराला लागून, आणि लाल बावटा लावलेला नव्हता. भोवतालच्या जहाजांवरच्या खलाशांना शेजारी काय येऊन उभे राहिले आहे ह्याची कल्पना नव्हती. पडाव वेळेवर आले नाहीत. जो माल आधी उतरायला हवा तो राहिला, आणि पहिला सगळा वेळ गेला तो सुक्या मासळीसारखा माल उतरवण्यात. गोदी कामगारांना त्या वासाचा किती तिटकारा आला असेल! पण तेच त्यांच्या वाट्याला आले.

शुक्रवारी, १४ एप्रिलला, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत दोन नंबरच्या कप्प्यातून धूर दिसू लागला. शेजारच्या जहाजांवरच्या काही लोकांनी तो आधीच पाहिला होता, पण बोलले कोणीच नाही. ज्याला त्याला वाटले की ज्याचे काम तो पाहून घेईल. दीड वाजता कामगार परत आले, त्यांनी आरडाओरडा केला, पाण्याचे पाईप सोडले गेले. दोनच्या नंतर बंब आले. आरंभी थोडे आले, मग आणखी आले. दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स स्वतः येऊन उभे राहिले.

पुढच्या दीड-दोन तासांत त्या धक्क्यावर जे घडले ते फार नीट पाहण्यासारखे आहे. दारूगोळा खात्याचा एक अधिकारी जहाजावर आला, त्याने मालाची यादी पाहिली आणि सांगितले की जहाज बुडवा, नाहीतर सगळी गोदी उडेल. गोदीचे मुख्य व्यवस्थापक कर्नल सॅडलर म्हणाले की जहाज ओढून समुद्रात न्या. कप्तान नेस्मिथना दोन्ही सल्ले ऐकू आले, पण जहाज त्यांचे, हुकूम त्यांना वरून कोणी दिला नाही. बंबवाल्यांचे म्हणणे, आमचे काम पाणी मारण्याचे, ते आम्ही करतो. आणि ते करत राहिले. एकेकाचे म्हणणे आपल्या जागी समजण्यासारखे आहे. "मी सांगतो ते करा," असे म्हणण्याचा अधिकार मात्र त्या धक्क्यावर एकालाही नव्हता. लष्कर वेगळे, गोदी वेगळी, जहाज वेगळे, बंब वेगळे. सर्वांच्या डोळ्यांसमोर घड्याळाचा काटा पुढे सरकत होता.

नऊशे टनांच्या आसपास पाणी त्या कप्प्यात ओतले गेले. कापसाची आग पाण्याने सहजी विझत नाही. गाठ वरून भिजते आणि आत धुमसत राहते. पाणी चढले तशा पेटत्या गाठी तरंगत वर आल्या असाव्यात, दारूगोळ्याच्या दिशेने. जहाजाच्या लोखंडी पाठीवरचा रंग एका जागी फुगून गळू लागला. आतली आग नेमकी कुठे आहे हे त्यावरून दिसत होते. तिथे पत्रा कापून भोक पाडायचे ठरले, गॅसचे यंत्र मागवले, ते चालले नाही. पावणेचारच्या सुमारास कप्प्याच्या तोंडातून ज्वाळा वर आल्या आणि जहाज सोडण्याचा हुकूम झाला. धक्क्यावर बघ्यांची गर्दी होती. त्यांना कोणी हटवले नाही, कारण जहाजात काय आहे हे त्यांना सांगितलेच नव्हते.

चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. धक्क्यावर पाणी मारणारे बंबवाले होते तिथेच नाहीसे झाले. कप्तान नेस्मिथ गेले, सॅडलर गेले. स्फोटाच्या लाटेने 'जलपद्म' नावाचे जवळजवळ चार हजार टनांचे जहाज उचलले आणि त्याची मागची बाजू धक्क्यावरच्या गुदामाच्या छपरावर नेऊन टेकवली. ते छायाचित्र पाहिले की आपलाच डोळा आपल्याला फसवतो आहे असे वाटते. अर्ध्या तासाच्या आत दुसरा स्फोट झाला, पहिल्याहून मोठा. तिकडे सिमल्याच्या वेधशाळेतल्या भूकंपमापक यंत्रावर ह्या धक्क्याची नोंद झाली. सिमला इथून कितीतरी दूर आहे.

मग आकाशातून कापूस पडू लागला. पेटता कापूस. त्याच्याबरोबर लोखंडाचे लालबुंद तुकडे, तेलाची जळती पिंपे आणि सोनेही. मांडवी, मशीद बंदर, कर्नाक बंदर, वाडी बंदर ह्या भागांत गुदामांना लागून गुदामे आणि त्यांच्या वर माणसांची बिऱ्हाडे. लाकडी जिने, लाकडी गच्च्या, खाली धान्याची पोती, तूप, मसाले. ह्या वस्तीला पेटायला वेळ लागला नाही. वारा सुटला होता. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले.

काका सांगत की पहिल्या आवाजाला पेढीवरच्या कपाटाच्या काचा त्यांच्या अंगावर आल्या. शेठजी "जपानी आले, जपानी आले" म्हणत गादीखाली शिरले. हा किस्सा काका फार रंगवून सांगत आणि आम्ही मुले हसत असू. पण मुंबईत त्या दिवशी निम्म्या लोकांना हेच वाटले होते. विमान नाही, भोंगा वाजला नाही, तरी लोक आकाशाकडे पाहत पळत होते. दोन वर्षे ज्याची तालीम केली तेच आले असे त्यांना वाटले. दुसरा आवाज झाल्यावर काकांनी रोजमेळाची चोपडी उचलली, छत्री तिथेच टाकली आणि ते धावत सुटले. रात्री उशिरा ते घरी पोचले. अर्धी वाट चालत आले होते. अंगावरचा सदरा राखेने भरलेला, आणि चोपडी छातीशी.

दुसऱ्या दिवशी मुंबईच्या लोकांना काय कळले? वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला होता. मुंबईचे नभोवाणी केंद्र तेव्हा १६ वर्षांचे झाले होते, पण तेही सरकारच्या हातात. शहराच्या अर्ध्या आकाशात धूर होता, इस्पितळे भरली होती, रस्त्यांवर सैनिक उभे होते. ह्या प्रकाराची पहिली सविस्तर बातमी दिली ती १५ एप्रिलला सायगाव रेडिओने. सायगाव जपान्यांच्या ताब्यात होते. म्हणजे मुंबई जळाली हे जगाला सांगितले ते शत्रूने. आपल्याकडे ती बातमी तपशिलाने छापायला मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडला. सरकारची बाजू समजून घ्यायची तर ती अशी : भारतातले सर्वांत मोठे बंदर बंद पडले आहे, हे जपान्यांना का सांगा? पण जपान्यांना ते दुसऱ्याच दिवशी माहीत होते, आणि अंधारात राहिले ते मांडवीचे लोक. मी आज ह्याच नभोवाणीवरून बोलतो आहे, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगतो. सरकारी खबर मिळाली नाही की लोक गप्प बसत नाहीत, ते अफवा करतात. जपानी पाणबुडी आली होती, क्रांतिकारकांनी केले, इंग्रजांनी मुद्दाम केले. ह्यातली प्रत्येक अफवा मी स्वतःच्या कानांनी, तीस-चाळीस वर्षांनंतरही, मालाडच्या पारांवर ऐकली आहे.

चौकशी मात्र झाली. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लिओनार्ड स्टोन ह्यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. घातपाताचा पुरावा त्यांना मिळाला नाही. आग बहुधा कोणाच्या तरी विडी-सिगारेटने लागली असावी असा निष्कर्ष निघाला. मला वाटते, लोकांना हाच निष्कर्ष सर्वांत कठीण गेला. एवढ्या मोठ्या नाशाला एक विडी हे कारण मनाला पुरत नाही. विडीचे नाव घेतले की बोट एका गरीब कामगाराकडे जाते, हेही खरे. पण आयोगाचे कागद पाहिले तर विडी हा त्यातला लहान भाग आहे. कापसावर दारूगोळा ठेवणे, ते जहाज गोदीत आणणे, धोक्याचा माल आधी न उतरवणे आणि धोक्याच्या वेळी एकाच माणसाच्या हाती हुकूम नसणे, ह्या गोष्टी तिथे स्पष्ट आल्या आहेत.

आता नुकसान. जहाजे डझनभर गेली. सुमारे ८०,००० लोक बेघर झाले. सहा हजारांच्या घरात पेढ्या आणि धंदे बुडाले आणि पन्नास हजार माणसांचे काम गेले. गोदीतला राडारोडा पाच लाख टनांच्या आसपास होता. त्यात न फुटलेले गोळे होते, बुडालेली जहाजे होती. आठ हजार माणसांनी सात महिने खपून तो उपसला आणि गोदी पुन्हा चालू केली. हे काम विलक्षण होते. त्यावर एक स्वतंत्र भाषण व्हावे. युद्धाला बंदर हवे होते, म्हणून ते एवढ्या त्वरेने झाले.

विम्याचा प्रश्न आला. साध्या आगीच्या विम्यात असा स्फोट बसत नव्हता. तेव्हा सरकारने वटहुकूम काढून भरपाई देण्याची व्यवस्था केली. व्यापाऱ्यांनी मालाच्या याद्या दिल्या : इतकी पोती, इतके डबे, इतक्या गाठी, इतका भाव. आमचे काका महिनाभर तेच करत बसले होते. चोपडी वाचली होती म्हणून पेढीला पैसे मिळाले, आणि शेठजींनी काकांना त्या दिवाळीला एक जरीचे उपरणे दिले. ते पुढे माझ्या मुंजीत निघाले.

सोन्याची गोष्ट तर मुंबईच्या तोंडी फारच आहे. छपरे फोडून विटा घरांत पडल्या. गोदीपासून मैलभर अंतरावर राहणाऱ्या एका पारशी गृहस्थाच्या घरात अशी एक वीट आली, ती त्यांनी सरकारजमा केली आणि मिळालेले बक्षीसही पीडितांच्या मदतीला दिले. बाकीचे बहुतेक सोने गाळातून हळूहळू मिळत गेले. गाळ काढताना काही तर कितीतरी वर्षांनी वर आले. १२४ विटांपैकी कितीचा पत्ता लागला ह्याचा हिशेब लोक आजही आवडीने करतात.

माणसांचा हिशेब असा आहे. गोदीच्या निरनिराळ्या खात्यांतले आणि अग्निशमन दलातले मिळून २३१ मृत्यू. त्यांत बंबवाले ६६. ह्या ६६ जणांचे स्मारक भायखळ्याला दलाच्या मुख्य ठाण्यात आहे, आणि त्यांच्यासाठीच तो टाचणीचा झेंडा. शहरातले इतर मृत पाचशेहून अधिक. इथपर्यंत आकडे जरा भरवशाचे. त्यापुढे कोणी एकूण आठशे म्हणतात, कोणी तेराशे. आठशे आणि तेराशे ह्यांच्या मध्ये पाचशे माणसे आहेत, श्रोतेहो. एवढ्या माणसांचे एक चांगले गाव होते.

मी मघाशी ड्रेस्डेनचे नाव घेतले ते ह्यासाठी. ड्रेस्डेनच्या मृतांचा आकडाही असाच वर्षानुवर्षे हवेत होता. नाझींच्या प्रचारखात्याने दोन लाखांची आवई उठवली आणि युद्धानंतरही ज्याला जो आकडा सोयीचा तो त्याने घेतला. शेवटी २००४ साली त्या शहराने इतिहासकारांची एक समिती नेमली. दफनाच्या नोंदी, नगरपालिकेचे दप्तर, निर्वासितांची कागदपत्रे त्यांनी तपासली. २०१० मध्ये त्यांनी सांगितले : पंचवीस हजारांपर्यंत. त्यावर कोणाचे समाधान झाले, कोणाचे झाले नाही. पण पासष्ट वर्षांनी का होईना, शहराने आपली माणसे मोजली. तिथले मोठे चर्च, फ्राउएनकिर्शे, पूर्व जर्मनीच्या काळात ढिगाऱ्याच्या रूपात तसेच ठेवलेले होते. नंतर ते पुन्हा उभारले आणि २००५ साली त्याचे दार उघडले. भिंतीत जुने काळवंडलेले दगड नव्या दगडांत बसवले आहेत. ते लांबूनही ओळखू येतात.

मुंबईत काळवंडलेला दगड शोधायला मी एकदा गेलो होतो. मशीद स्टेशनला उतरून पूर्वेला गेलो. जुना फ्रीयर रोड आता पी. डिमेलो रोड झाला आहे. गोदी कामगारांच्या पुढाऱ्याचे नाव त्या रस्त्याला मिळाले हे उचितच झाले. ट्रक उभे होते, हातगाड्या होत्या, भिंतींमागे बंदराची जागा. व्हिक्टोरिया गोदी १८८८ साली बांधलेली, शेजारची प्रिन्सेस गोदी त्याच्याही आठ वर्षे आधीची. दोन्ही आता कंटेनरच्या सोयीसाठी बुजवण्यात आल्या. पाणीच राहिले नाही तिथे खूण कुठली राहणार? एका चहावाल्याला विचारले, "इथे गोदीचा स्फोट झाला होता ना?" तो म्हणाला, "कधी? काल?"

हे त्याच्या अज्ञानाचे उदाहरण म्हणून मी सांगत नाही. ह्या शहराला आठवत बसायला सवड मिळाली नाही. जूनमध्ये पावसाळा आला, भराव धुऊन निघाला. पुढल्या वर्षी युद्ध संपले. फेब्रुवारी १९४६ मध्ये ह्याच बंदरात नौसैनिकांचे बंड झाले आणि मुंबईच्या रस्त्यांवर गोळ्या चालल्या. मग स्वातंत्र्य, मग फाळणी, मग सिंधमधून आलेले हजारो लोक. दर वर्षी नवे काहीतरी. मालाड १९५७ च्या सुमारास बृहन्मुंबईत आले, दिंडोशीच्या खाणी हळूहळू बंद पडल्या, तिथे वसाहती झाल्या. शहर उत्तरेकडे सरकत गेले आणि त्याच्या पाठीमागे गोदी म्हातारी होत गेली.

पण न मोजण्याचे कारण केवळ विसर नाही. मेलेल्या बंबवाल्याचे नाव दलाच्या पटावर होते. सैनिकाचा नंबर होता. गोदीच्या कायम नोकराचा पगाराचा कागद होता. मांडवीच्या गुदामांतून रोज पाठीवर पोती वाहणारा जो हमाल, त्याचे नाव कुठे होते? तो साताऱ्याहून, घाटावरून, कोकणातून आलेला. टोळीच्या मुकादमाकडे काम करायचा, गुदामाच्या ओट्यावर निजायचा, गावी मनीऑर्डर पाठवायचा. गोदी कामगारांची नावनिशीवार नोंद करण्याचा कायदा झाला तो १९४८ साली, स्वातंत्र्यानंतर. स्फोटाच्या वेळी तो नव्हता. गावाकडे मनीऑर्डर यायची थांबली की घरच्यांनी समजून घ्यायचे.

काका फार वर्षांनी, त्यांचे डोळे गेले तेव्हा, मला ती चोपडी काढून दाखवायला सांगत. दाखवणार काय, मीच वाचायची आणि त्यांनी ऐकायचे. १४ एप्रिलच्या पानावर दुपारपर्यंतच्या नोंदी आहेत. तांदूळ अमुक पोती, तूर अमुक पोती, हमाली अमुक आणे. खाली रेघ नाही, कारण दिवस पुरा झाला नाही. पेढीच्या हमालांचा आठवडा शनिवारी चुकता व्हायचा. काका शुक्रवारी दुपारीच पैसे मोजून कागदाच्या पुड्या बांधून ठेवत. त्या दिवशी अकरा पुड्या बांधल्या होत्या आणि चोपडीबरोबर त्या कोटाच्या खिशात आल्या होत्या. पेढी तात्पुरती भुलेश्वरला उघडली तेव्हा हमाल एकेक करून आले आणि आपली पुडी घेऊन गेले. शेवटी तीन उरल्या. मुकादमही आला नाही, म्हणून विचारणार तरी कोणाला? पुड्यांवर नावे नव्हती, प्रत्येकीवर फक्त आकडा होता : पाच, आठ, नऊ.

काकांनी मालाची यादी तीन प्रतींत करून दिली होती. ह्या तीन माणसांबद्दल त्यांना कोणी विचारले नाही आणि त्यांनीही, ते स्वतःच म्हणत, कोणाला सांगितले नाही. चोपडीत १२ मेच्या पानावर एक नोंद आहे. अक्षर काकांचेच : हमाली, न नेलेली, नग तीन, जमा.